लाल चिठ्ठी

"चार स्वच्छ. पाच स्वच्छ. लिहितेस ना?"

काळ्या पडद्याआडून सासूबाईंचा आवाज आला आणि सुनेचं पेन पाचाच्या आकड्यावर अडलं.

"लिहिते, मॅडम."

घरी आई, प्रयोगशाळेत मॅडम, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सासूबाई पेटीच्या पडद्यात डोकं घालून बसल्या होत्या. आत जांभळा दिवा, दिव्याखाली काचेची पट्टी आणि पट्टीवर शेंगदाण्याच्या पिठाच्या अर्काचे बारा ठिपके. बुरशीचं विष असेल तो ठिपका त्या दिव्याखाली निळा उजळतो. नसेल तो काळोखात राहतो. वाचायचं ते डोळ्यांनी. टेबलावरच्या छोट्या वजनकाट्याला सासूबाईंनी सकाळीच लाल चिठ्ठी लावली होती. 'वापरू नये.' तो केसभर चुकला होता.

पाचवा ठिपका उजळायलाच हवा होता. त्यात विष सुनेनेच मिसळलं होतं, मोजून, मर्यादेच्या जरासं वर. मधूनमधून मला न सांगता एक विषारी नमुना आत सरकवत जा, हा नियम सासूबाईंचाच. आज घरातून निघताना त्यांनी नातवाच्या गडद निळ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने बटण लावलं आणि "बघ, कसा मिळता दोरा शोधला," असं कौतुकाने म्हणाल्या. तेव्हा सुनेला तो नियम आठवला होता.

"सहा, सात, आठ, नऊ. सगळे कसे शहाण्यासारखे बसलेत."

दारात कारखान्याचा मुकादम उभा होता. "मी सांगत नव्हतो? आपला माल म्हणजे धुतल्या तांदळासारखा!"

"तांदूळ की शेंगदाणे, आधी एक काय ते ठरवा," सासूबाई पडद्यातूनच म्हणाल्या.

"गाडी भरून उभी आहे, मॅडम. तान्ह्या पोरांचं खाणं आहे. उशीर नको."

"झालंच. बारा स्वच्छ. आण वही, सही करते."

सुनेने वही पुढे ठेवली. सासूबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि हात थांबवला. "पाचची जागा कोरी का?"

सुनेने आपलं पेन खाली ठेवलं. बोलावं तर संध्याकाळी याच बाईंच्या शेजारी जेवायला बसायचं होतं. न बोलावं तर गाडी सुटणार होती.

"आई..."

"इथे आई कोण?"

"मॅडम, पाच नंबर मी घातला होता."

सासूबाईंनी टोपण पुन्हा पेनाला लावलं, चष्मा पुसला आणि पडद्यात डोकं घातलं. बराच वेळ त्या आतच होत्या.

"दिवा मंद झालाय का गं?"

"परवाच नवा लावलाय."

"कडेला तुलनेसाठी लावलेला विषाचा ठिपका तर मला ढळढळीत दिसतोय."

"त्यात विष खूप आहे. पाच फिकट आहे."

"ये आत. दाखव."

दोघींची डोकी एका पडद्यात शिरली. सुनेने सासूबाईंचं बोट धरून पाचव्या ठिपक्यावर, काचेला न टेकवता, स्थिर ठेवलं. ठिपका फिकट होता, पण निळा होता.

"इथे?"

"इथे."

"मला काळोख दिसतोय," सासूबाई म्हणाल्या. काटा चुकतोय हे त्यांनी सकाळी याच आवाजात सांगितलं होतं.

सुनेने ते बोट हळूच पुढे सरकवलं आणि पुन्हा थांबवलं.

"हा कुठला?"

"नऊ."

"हाही तूच घातलास?"

"नाही. नऊ मी नाही घातला."

"काय खलबत चाललंय सासू-सुनेचं?" बाहेरून मुकादम हसत म्हणाला.

सासूबाई पडद्यातून बाहेर आल्या. खण उघडून त्यांनी लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. एक सुटी केली, तिच्यावर तारीख घातली, खाली नेहमीची वळणदार सही केली आणि ती आपल्याच एप्रनच्या खिशावर, छातीवर, चिकटवली. 'वापरू नये.' कोपरा उचलला गेला होता, तो अंगठ्याने दाबून बसवला.

मुकादमाचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"मोतीबिंदू असेल, आई," आपल्या स्टुलावर परत बसत सून म्हणाली. "काढता येतो."

"काढू की. काटाही दुरुस्तीला जातोच. तो परत येईपर्यंत त्याच्यावर कुणी काही तोलायचं नाही, एवढंच." मग त्यांनी बोटाने कपाट दाखवलं. "गेल्या वर्षभरातले राखून ठेवलेले नमुने उद्यापासून सगळे बाहेर काढायचे. मी स्वच्छ म्हटलेला एकही सोडू नकोस. आता ऊठ तिथून."

सून उठली. सासूबाई तिच्या स्टुलावर बसल्या, वहीचं पान उलटलं, नव्या पानावर एक ते बारा आकडे घातले.

"बस पेटीपाशी. आजपासून तू वाचायचं, मी लिहायचं. एक?"

पडदा सुनेच्या मानेवर पडला. आत जांभळा उजेड होता आणि स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"स्वच्छ."

"दोन?"

"स्वच्छ."

पेन कागदावर न अडखळता चाललं होतं. पाचला सासूबाई "माहीत आहे, पुढे," एवढंच म्हणाल्या. दारात मुकादम एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होता.

"आठ?"

"स्वच्छ."

"नऊ?"

"निळा," सून पुटपुटली.

"मोठ्याने सांग," सासूबाई म्हणाल्या. "गाडी बाहेर उभी आहे."