गणपतीचा आदला दिवस

श्रुतिकाला सगळं काम जानकीने शिकवलं, आणि अंधेरीच्या ऑफिसात नव्या प्रोजेक्टची प्रमुख मात्र श्रुतिका झाली. तेव्हापासून जानकीच्या पोटात दुखत होतं. वर ही म्हणते कशी, “शेड्यूल तूच लाव गं, तुझ्याइतकं पक्कं कोणाला जमतं?” जानकीने लावलं. क्लायंटसमोरचं पहिलं प्रेझेंटेशन तिने नेमकं गणपतीच्या आदल्या दिवशी टाकलं. श्रुतिका दरवर्षी गणपतीला चार दिवस आधीच कुडाळ गाठायची. ती नसली की साहेबांपुढे जानकीच उभी राहणार. श्रुतिकाने तारखा वाचल्या. “झकास! मे महिन्यात काकी गेली ना, यंदा आमच्याकडे गणपती नाही. प्रेझेंटेशन मी करते. तू बिनधास्त गावी जा, आई वाट बघत असेल.” जानकी कसनुशी हसली. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या मुश्किलीने मिळालेलं कोकणचं कन्फर्म तिकीट तिने आज सकाळीच स्वतःच्या हाताने रद्द केलं होतं.