परत येण्याचा पुरावा

मब्रूकाच्या एकुलत्या एका लेकीचं पहिलंच बाळंतपण समुद्रापलीकडच्या देशात होतं. बाळंतिणीला चारायच्या झरीर या गोड खाऊसाठी मब्रूकानं तीळ, बदाम, मध बांधून ठेवला, आणि वकिलातीनं तिचा व्हिसा नाकारला. कागदावर एकाच चौकटीत फुली होती: 'आपण मायदेशी परत जाल याची खात्री वाटत नाही.'

महदिया शहराच्या पोस्टासमोर लोकांचे अर्ज लिहून देणारा हत्ताब म्हणाला, "खाला, अपील करता येतं. पण तुला इथं काय बांधून ठेवतं, ते दाखवावं लागेल. नोकरी? जमीन? बँकेत काही?"

"बँकेत माझं नाव सांगितलंस तर शिपाईसुद्धा हसेल. लिही लेका, माझा नवरा इथं आहे. सोळा वर्षं झाली, एक शुक्रवार चुकवला नाही. थडगं धुते, त्यावरच्या खळग्यात पाखरांसाठी पाणी भरते. शेजारची जागा मी माझ्यासाठी राखून ठेवलीय, तिची पावतीही जोड. हे सगळं टाकून मी काय त्यांच्या थंडीत मरायला थांबणार आहे?"

हत्ताबनं डोळे पुसले आणि शब्द न् शब्द उतरवून घेतला. "खाला, याहून पक्का पुरावा मी आजवर लिहिलेला नाही."

बाळ अडीच महिन्यांचं झालं तेव्हा उत्तर आलं. साहेबांनी अपील अगदी मन लावून वाचलं होतं, एवढं मात्र खरं.



'अर्जदार बाईंच्या स्वतःच्याच लेखी कबुलीवरून सिद्ध होते की, मायदेशी त्यांचे जिवंत असे कोणीही उरलेले नाही. सबब अपील फेटाळण्यात येत आहे.'