मधोमध एक पट्टा

"पुढचा!" खेळाचे सर ओरडले, आणि व्हरांड्यातल्या स्टुलावर आणखी एक मान खाली झाली.

सलूनवाल्याने देवाचं नाव घेतलं, मशीन सुरू केलं आणि कपाळापासून मानेपर्यंत सरळ एक पट्टा ओढला. बस, तेवढाच. शाळेची रीतच तशी होती. केस कॉलरला टेकले की मधोमध पट्टा. बाकीचं डोकं ज्याचं त्याने बाहेर जाऊन सारखं करून घ्यायचं. असलं डोकं घेऊन घरी कोण जाणार? पोरं शाळा सुटली की मुकाट्याने समोरच्या गल्लीत, त्याच्याच दुकानात येत. ही युक्तीही त्याचीच. "सगळ्यांचे पूर्ण कापत बसलो तर दिवस जाईल, सर. नुसती खूण करून सोडू," असं तो सहज बोलून गेला होता आणि सरांना ते भारी पटलं होतं. पोरांना वळण लागतं, हे पुण्याचंच काम, असं तो घरी सांगे. दुकान भरतं, हे सांगत नसे.

पोरं त्याला नांगरकाका म्हणत. त्यालाही त्याची गंमत वाटे.

"काका, जरा वाकडा मारा ना, नदीसारखा," स्टुलावरचा म्हणाला.

"नदी काढायला डोक्यात पाणी लागतं, बाळा."

रांग हसली. सरही हसले. "केस ताळ्यावर आले की डोकं आपोआप ताळ्यावर येतं," ते म्हणाले. "पुढचा!"

पुढचा त्याचाच मुलगा होता.

केस पार कॉलरखाली उतरलेले. 'सलूनवाल्याच्या घरात जंगल वाढतंय' म्हणून आई रोज कुरकुरत होती. दर रविवारी बाप खुर्ची झटकून हाक मारी आणि दर रविवारी मुलाला नेमकं काहीतरी काम निघे. वय आहे, ऐट करायची असेल, असं म्हणून बापाने सोडून दिलं होतं. सरांनीही बघून न बघितल्यासारखं केलं होतं; शेवटी आपल्याच माणसाचं पोरगं.

"अरे, तू कशाला रांगेत?" सर म्हणाले. "तुझं घरचं दुकान. संध्याकाळी बस बापापुढे. जा वर्गात."

मुलगा हलला नाही. "केस कॉलरला टेकतायत, सर."

"दिसतंय मला. जा म्हणतो ना."

"बाकीच्यांना पण घरी कापून घेऊ द्याल?"

ज्यांना पट्टे मारून झाले होते, ती पोरं भिंतीला टेकून उभी होती. ती सगळी बघत होती. मुलाकडे नाही, बापाकडे.

"बघा हो तुमचं रत्न!" सर म्हणाले. "मारा मग. नियम सगळ्यांना सारखा."

मुलगा स्टुलावर बसला. सलूनवाला त्याच्या कानाशी वाकला. "ऊठ रे. घरी नीट कापतो. माझं ऐक."

"मारा, बाबा. सगळ्यांना मारता ना."

त्याने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. नाव आलं नाही. मशीन मात्र सुरू झालं.

पट्टा मारणारा मागे उभा असतो, त्याला तोंड दिसत नाही. आजवर त्याला नुसती डोकीच दिसली होती. आज पट्टा कपाळाशी सुरू करताना तो जरासा पुढे झुकला, आणि त्याला दिसलं. मुलाने डोळे घट्ट मिटले होते. खालचा ओठ दातांत धरला होता. समोरच्या मैदानातून मुलींचा वर्ग रांगेने चालला होता, आणि त्यातल्या काही जणी मान वळवून बघत होत्या. हे स्टूल मैदानाकडे तोंड करून ठेवलंय, हे त्याला आज कळलं. दर वेळी तोच ते मांडत होता.

पट्टा वाकडा गेला.

कुणीही हसलं नाही. मुलगा उठला, खांद्यावरचे केस झटकले आणि भिंतीकडे गेला. पोरांनी सरकून त्याला मध्ये जागा दिली. मघाच्या नदीवाल्याने त्याच्या गळ्यात हात टाकला.

"पुढचा!" सर म्हणाले.

शाळा सुटल्यावर सलूनवाल्याने दुकानातली खुर्ची पुसली, धुतलेलं कापड काढून ठेवलं. मुलगा आला की आधी काय बोलायचं ते त्याने मनात जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. मुलगा आला नाही. बाकीचीही कुणी आली नाहीत. शेवटी तो दुकान तसंच उघडं टाकून निघाला.

मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं जुनाट सलून होतं. तिथे एरवी गिऱ्हाईक दिसत नसे. आज बाकावर दप्तरं मांडीवर घेऊन पट्टेवाली पोरं दाटीवाटीने बसली होती आणि खुर्चीत त्याचा मुलगा होता.

"अरेरे, काय अवतार केलाय!" म्हातारा त्याचं डोकं हातात धरून इकडून तिकडून बघत होता. "कापणारा माणूस होता की कोण? कुणी केलं रे हे?"

मुलाने समोर आरशात बघितलं. दारात बाप उभा होता.

"माहीत नाही, आजोबा," मुलगा म्हणाला. "कुणीतरी शाळेत येतो."

म्हाताऱ्याने कात्री उचलली. सलूनवाला दारातून हळूच मागे सरकला, आरशात दिसणार नाही इतका.