लहान इंजिन

"होडीला मोठं इंजिन घेऊ नकोस. जुनं लाकूड त्याचा हादरा सोसणार नाही. आणि ती कोरडी पडू देऊ नकोस, फळ्या उघडतील." शेवटच्या दिवसांत ह्यांनी अंथरुणावरून माझ्याकडून एवढं कबूल करून घेतलं होतं.

दुकानात मुलाने मोठ्या इंजिनावर हात ठेवला. "आये, हेच घे. खोल समुद्रात जाऊ."

मी लहान इंजिन मागितलं, त्याला जुळणारा शाफ्ट आणि पंखा मागितला.

"म्हणजे मी आयुष्यभर खाडीतच चिंबोऱ्या धरायच्या!" दुकानदार हसला. मला वाटलं, होडीही वाचली आणि पोरही डोळ्यांपुढे राहील.

इंजिन बसलं त्याच आठवड्यात मुलगा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून खोल समुद्रात गेला. जाताना म्हणाला, "तुझी होडी तूच चालव."

होडी वाळूवरच राहिली. आज तिच्या दोन फळ्यांच्या फटीतून मला पलीकडचं ऊन दिसलं.

घरी येऊन नेमाने एकवीरेपुढे दिवा लावला. पोराचं नाव घेतलं, ह्यांचं मनातल्या मनात. भरती लागली होती. पदर खोचला आणि एकटीच होडी पाण्यात घ्यायला निघाले.