तात्यांचा टी-शर्ट

"काकू, तात्या गाडी लावताहेत का?" 'तात्या' छापलेला टी-शर्ट घेऊन हॉलच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाने विचारलं.

वृंदाताईंचं डोकंच सणकलं. बास्केटबॉलवेड्यांच्या या ऑनलाइन ग्रुपवर वडिलांचं 'तात्या' हे नाव घेऊन सोळा वर्षं त्याच लिहीत होत्या. आज सगळे पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटत होते, तेही तात्यांच्या सत्कारासाठी. आणि "तात्या तुम्हीच का?" एवढंसुद्धा कुणाला सुचू नये?

"तुम्ही चहा घ्या, ते येईपर्यंत आमच्या गप्पांचा कंटाळा येईल तुम्हाला," म्हणत तो मित्राकडे वळला. "कालची मॅच कोचनेच घालवली. आपल्या कॅप्टनला शेवटी बाहेर बसवायचं काय कारण होतं?"

वृंदाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाच फाउल झाले होते त्याचे! पाच झाले की बाहेर जावंच लागतं. आधी मॅच बघ, मग कीबोर्ड बडव!"

हॉलमधल्या सगळ्या माना गर्रकन वळल्या. ग्रुपवर हे वाक्य प्रत्येकाने कधी ना कधी मुकाट गिळलं होतं.

"त... तात्या?" तरुण चाचरला.

"गाडी केव्हाच लावली," त्या कडाडल्या. "आण तो टी-शर्ट इकडे."