बिनकामाचं बटण

मुलांनो, घडीभर डोळे मिटा आणि समजा की तुम्ही सेझिम आहात. वय वर्षं अकरा. हातात टेस्टर. समोर भिंतीवर तडकलेलं, पिवळं पडलेलं दिव्याचं बटण. आणि पाठीशी आजोबा.

ते बटण दाबलं तरी काही पेटत नसे. त्याचा दिवा सेझिमच्या जन्माआधीच काढून टाकलेला. पण आज त्या भिंतीशी आत्याच्या लग्नाची पेटी ठेवून वर छतापर्यंत रजया रचायच्या होत्या. "तडकलेल्या बटणाला कापूस टेकवायचा नाही," आजोबांनी सकाळीच बजावलं. "बटण काढू. दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी टेपने बांधू, आत सारू, वर कोरं झाकण लावू. तारांना हात मी लावणार. बाकी सगळं तू."

असानाली आजोबांनी नारीन गावात चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं होतं. त्यांनी टेस्टर आपल्या हातात दिला म्हणून सेझिम भलतीच तोऱ्यात होती.

सगळ्या घरांचे फ्यूज जिन्यातल्या एकाच पेटीत होते. आजोबा भिंतीवरून हात फिरवत तिथवर आले.

"सांग बरं, आपला खण कोणता?"

"तिसरा. वर आठ लिहिलंय."

"आणि दिव्यांचा फ्यूज?"

"वरचा. खालचा प्लगचा."

तिने चिनी मातीचा फ्यूज फिरवून काढला. आजोबांनी तो कोटाच्या खिशात टाकला. "आता कसं? फ्यूज खिशात, जीव खुशीत!"

घरात आल्यावर तिने आधी टेस्टर प्लगमध्ये घातला. चालू ठिकाणी तो पेटतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, ही आजोबांची शिकवण.

"काय दिसतंय?"

"पेटला!"

तिने बटणाचं झाकण उघडलं. "तारा किती?" आजोबांनी विचारलं. "दोन." "कुठे तुटलेल्या, सोललेल्या?" "नाही." आजोबांचं हे असंच चाले. चहा ओतताना विचारत, "कप किती भरला?" रस्त्यात विचारत, "समोरून कोण येतंय, ओळख पाहू?" सेझिमला वाटे, आपली शाळा सुटते, पण आजोबांची परीक्षा काही सुटत नाही.

तिने टेस्टर पहिल्या तारेला टेकवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, "बोर्सोक गरम आहेत गं! मागून रडू नकोस!" तळलेल्या पिठाच्या त्या फुगीर तुकड्यांचा खमंग वास आला. सेझिमची मान तिकडे वळली.

"काय दिसतंय?" आजोबांनी विचारलं.

फ्यूज तर खिशात आहे. उत्तर ठरलेलं. "नाही पेटला," ती दाराकडे बघतच म्हणाली.

आजोबांनी हात पुढे केला. बोटं तारेपासून वीतभर अंतरावर आली, आणि सेझिमने मान वळवली. टेस्टरमध्ये मसुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका जळत होता.

"आजोबा, हात मागे!"

हात जागीच थांबला. मग मागे गेला.

दारात शेजारच्या बुरमाके-एजे उभ्या होत्या, खुशीत. "असानाली-आके, अहो, लग्नघरी अंधार? तुमच्या खणात भोक दिसलं, माझ्या डब्यातला फ्यूज बसवून टाकला!"

त्या जिन्यात रीतच होती तशी. कुणाचा फ्यूज नसला की दिसेल त्याने न विचारता आपला बसवायचा. आभारही मानायचे नाहीत.

"एजे," आजोबा म्हणाले, "तुमच्या चांगुलपणाने आज माझ्या मयताची जेवणं उठली असती."

बुरमाके-एजेंनी तोंडावर हात धरला. मग धावत जाऊन त्यांनी तो फ्यूज काढला, स्टूल आणलं आणि फ्यूजच्या पेटीपुढे ठाण मांडलं. "आता इथे माशी जरी आली तरी मला विचारून येईल. चहा तेवढा पाठवा."

सेझिम जागची हलली नव्हती.

"आजोबा, ठिपका एवढा लाल जळत होता. तुम्ही टेस्टरकडेच तोंड करून उभे होता. मग हात का पुढे केलात?"

आजोबांनी खिशातला फ्यूज चाचपला.

"तू म्हणालीस ना, नाही पेटला म्हणून."

चहाचा कप. रस्त्यातली माणसं. खणावरचा आठ. सेझिमच्या डोळ्यांपुढून एकेक प्रश्न सरकत गेला. त्यातला एकही परीक्षेचा नव्हता.

जिन्यात जाऊन तिने रिकामा खण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. परत येऊन टेस्टर प्लगमध्ये घातला, मग पुन्हा तारेला टेकवला. या वेळी आत्या दोनदा ओरडली तरी तिची नजर हलली नाही. आजोबांनी विचारायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ती बोलू लागली होती, अगदी शांत, खणखणीत आवाजात:

"प्लगमध्ये पेटला. डाव्या तारेवर नाही पेटला. उजव्या तारेवर नाही पेटला. पुन्हा प्लगमध्ये... पेटला. आता हात पुढे करा, आजोबा. थोडा डावीकडे. अजून थोडा. हं, हीच तार."