मागचं काढा

कामशेतच्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर एकच काम. फोटोतला माणूस ठेवायचा, मागचं सगळं उडवायचं. वाढदिवस असो की दहावा, गिऱ्हाईक फोटो पाठवतं आणि म्हणतं, "आवेजभाई, तेवढं मागचं काढा." केसांच्या कडा कोरून कोरून डोळे चुरचुरतात, पण सांगणार कुणाला?

आज औंढ्याच्या सरुमावशी नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या फ्लेक्ससाठी आल्या. फोटोत सोपानआबा स्वतःच्या खाचरात, गुडघाभर भातात उभे राहून हसत होते.

"आमचा ल्योक संदेश म्हनला, मागं ढग टाका," मावशी म्हणाल्या.

मी सवयीनं आबांच्या कडेकडेनं माउस फिरवला आणि मागचं भात उडवलं. स्क्रीनवर आबा तेवढे राहिले, आणि त्यांच्या मागं पांढरे-करडे चौकोनच चौकोन.

मावशी खुर्ची ओढून जवळ आल्या. "ह्ये चौकोन कसलं रं?"

"काही नाही मावशी. मागचं काढलं की असंच दिसतं."

त्यांनी स्क्रीनवरच्या एका चौकोनावर बोट टेकवलं.



"मालक गेलं, आन् संदेशनं तितं खाचरात प्लॉट पाडलं. तू हितं बी पाडलंस व्हय?"